पात्यावरचं गाव

आजोबांचा एक घडीचा चाकू आमच्याकडे आहे. शिंगाची मूठ, झिजून अरुंद झालेलं पातं आणि त्यावर अर्धवट पुसलेली इंग्रजी अक्षरं : शेफील्ड. ‘अस्सल विलायती माल’ हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. गेल्या महिन्यात तो ऑनलाइन विकायला काढला. फॉर्ममध्ये रकाना होता : कुठल्या देशात बनला? मी बेधडक ‘इंग्लंड’ टाइप केलं आणि मग हात थांबला. कारण या नावामागचा इतिहास तोवर मी वाचला होता.

शेफील्डमध्ये चाकू-कात्र्या बनवणाऱ्यांची कंपनी 1624 साली कायद्याने स्थापन झाली. प्रत्येक कारागिराचा शिक्का नोंदवणं हे तिचं एक मुख्य काम. शिक्का म्हणजे अब्रू. म्हणूनच तो चोरण्यासारखा होता. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेनचे काही कारखानदार स्वस्त पात्यांवर ‘शेफील्ड’ ठोकून ती जगभर विकू लागले. झोलिंगेन स्वतः तलवारींसाठी शतकानुशतकं नावाजलेलं, तरीही!

शेफील्डने आरडाओरडा केला. 1887 साली ब्रिटिश संसदेने कायदा केला : परदेशी मालावर इंग्रजी वाटेल असं नाव असेल, तर तो खरा कुठे बनला तेही छापा. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द ब्रिटिश बाजारात गाजले ते यानंतर. हेतू गिऱ्हाइकाला सावध करण्याचा होता. त्याआधी, 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात, फ्रान्झ रोलो या जर्मन अभियंत्यानेच आपल्या देशाच्या मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटलं होतं. पण माल सुधारत गेला आणि बदनामीसाठी लावलेली चिठ्ठी हळूहळू प्रमाणपत्र बनली.

पण इंग्लंडचे चाकूवाले तरी कुठे साधे होते? 1819 च्या त्यांच्याच कायद्यात एक कलम आहे : लंडनपासून 20 मैलांच्या आत न बनलेल्या पात्यावर ‘लंडन’ लिहायचं नाही. असं कलम उगाच घालत नाहीत. आणि पुढे झोलिंगेनलाही आपलं नाव जपायची वेळ आली. 1938 साली ते कायद्याने सुरक्षित झालं. आज तिथल्या औद्योगिक भागात निर्मितीचे मुख्य टप्पे पार पडले, तरच पात्यावर ते नाव घालता येतं.

‘मुख्य टप्पे’ हे शब्द महत्त्वाचे. पोलाद एका देशातलं, घडाई दुसरीकडे, मूठ तिसरीकडे. मग चाकू कुठला? माझ्या स्वयंपाकघरातल्या सुरीच्या खोक्यावर ‘जर्मन स्टील’ ठळक अक्षरांत आहे. बनली कुठे, ते खाली, मुंगीच्या अक्षरांत. देश वेगळाच. सुरी कापते झकास. त्या देशाबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार अक्षरांच्या आकाराबद्दल आहे. आपल्याकडे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मूळ देश सांगणं बंधनकारक आहे. पण किती ठळक सांगायचं, ते शेवटी विकणाऱ्याच्या नियतीवर.

आणि या वेळी विकणारा मी होतो.

‘इंग्लंड’ खोडलं. लिहिलं : ‘पात्यावर शेफील्ड आहे. देशाचं नाव नाही. पावती नाही.’ बाबा म्हणाले, “एवढं कशाला लिहायचं? निम्मी किंमतही येणार नाही.”

खरंच आली नाही. चाकू घरातच आहे. आज सकाळी त्यानेच लिंबू कापलं.