छातीत उतरलेला गलगंड

धुळे-नंदुरबारकडचा पेशंट मोठा गलगंड घेऊन नाशिकला आला, की सर्जन आधी पाण्याचा घोट गिळायला लावतो आणि गाठीचा खालचा काठ बोटाने शोधतो. काठ हाती लागला नाही, तर गाठ छातीच्या हाडामागे उतरली असावी. मग दोन्ही हात कानांना लावून वर धरायला सांगतो. मिनिटभरात चेहरा तांबडा-निळा पडला, तर आत शिरा दाबल्या जात आहेत. ही बिनपैशाची खूण ह्यू पेम्बर्टनने १९४६ साली नोंदवली. सीटी स्कॅन आला तरी ती रद्द झालेली नाही.

असा गलगंड हॉलर नावाच्या वैद्याने १७४९ मध्येच वर्णन करून ठेवला होता. पण त्याला हात लावायचा म्हणजे रक्तस्राव, आणि रक्तस्राव म्हणजे बहुधा मरणच. हे चित्र बदललं स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखरने. आल्प्सच्या मातीत आयोडिन कमी, त्यामुळे त्याच्याकडे गलगंडांची रीघ. तो सावकाश कापायचा, एकेक रक्तवाहिनी बांधत पुढे जायचा. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं आणि १९०९ साली नोबेल मिळालं.

मला मात्र त्याचं १८८३ सालचं काम मोठं वाटतं. १८७४ मध्ये त्याने एका अकरा वर्षांच्या मुलीची थायरॉइड, म्हणजे गलगंड जिच्यात होतो ती गळ्यातली ग्रंथी, पूर्ण काढली होती. पुढे तिची वाढ खुंटली, बुद्धी मंदावली. धाकटी बहीण तिच्याहून उंच झाली. कोखरने जुने पेशंट परत बोलावले, बहुतेकांची तीच गत दिसली, आणि त्याने ते जाहीर केलं. आज ऑपरेशननंतर रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेतात, तिचं मूळ या कबुलीपर्यंत जातं.

छातीतली गाठही बहुतेक वेळा मानेतूनच निघते. ती मानेतूनच खाली सरकलेली असते, त्यामुळे तिचा रक्तपुरवठाही वरूनच. मानेवर आडवा छेद घ्यायचा, रक्तवाहिन्या बांधायच्या, आवाजाची नस सांभाळायची, मग हाडामागे बोट घालून गाठ मोकळी करत वर ओढायची. छातीचं हाड मधोमध कापण्याची वाट मिल्टन नावाच्या सर्जनने १८९७ मध्ये कैरोत दाखवली. ती आज मोजक्याच पेशंटना लागते. कॅन्सर असला, दुसऱ्यांदा ऑपरेशन असलं किंवा गाठीला छातीतूनच रक्त येत असलं तर.

गाठ दुखत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात. उताणं झोपल्यावर दम लागायला लागला, की मात्र थांबू नका.