संसदेची आरोग्य समिती काय करते? इर्विन आणि सर्वोपचारच्या रांगेत उभ्या माणसाला तिचा उपयोग काय?

‘संसदीय समितीने आरोग्य मंत्रालयाला खडसावले’ अशी बातमी वर्षातून दोन-चारदा येते. आपण वाचतो आणि विसरतो. दिल्लीतल्या समितीचा आणि अमरावतीच्या इर्विनमधल्या केसपेपरच्या रांगेचा संबंध काय, असेच बहुतेकांना वाटते. संबंध आहे, पण तो आपोआप जुळत नाही, कुणीतरी जुळवावा लागतो. ही समिती कोणती, तिने आजवर काय सांगितले, तिचे कोण ऐकते आणि वऱ्हाडातल्या आपल्या कुटुंबांनी त्यातून काय घ्यावे, हे आम्ही इथे एकत्र देत आहोत.

समिती म्हणजे नेमके काय?

संसदेत प्रत्येक खात्याच्या कारभारावर सविस्तर चर्चा होणे शक्य नसते. म्हणून १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्या सुरू झाल्या. आधी त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. त्यातली एक आरोग्य व कुटुंब कल्याण खात्याची.

या समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. मुदत एक वर्षाची. समिती राज्यसभेच्या अखत्यारीत येते आणि अध्यक्ष राज्यसभेचे सभापती नेमतात. सदस्य सगळ्या पक्षांचे असतात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे कॅमेऱ्यासमोरची भाषणबाजी तिथे कमी आणि अधिकाऱ्यांची उलटतपासणी जास्त.

समिती मुख्यतः चार कामे करते. खात्याने मागितलेल्या पैशांची छाननी, आरोग्याच्या विधेयकांची तपासणी, वार्षिक अहवालांचा आढावा आणि दूरच्या धोरणांवर शिफारशी. रोजच्या कारभारात ती हात घालत नाही. आपल्या दवाखान्यातले सोनोग्राफीचे मशीन आज बंद का, हे ती विचारणार नाही. देशभरात मशीन आहेत पण चालवणारा माणूस नाही, हे मात्र ती विचारू शकते.

अहवाल आला की मंत्रालयाने तीन महिन्यांत उत्तर द्यायचे असते: कोणती शिफारस मानली, कोणती नाही, आणि का नाही. शिफारशींचे पुढे काय झाले यावर मंत्र्याने सहा महिन्यांनी सभागृहात निवेदन करायचे, असाही दंडक आहे. पण शिफारस बंधनकारक नसते. समितीचा शब्द हा सल्ला असतो, हुकूम नव्हे. तो मानला नाही तर काय होते, हे वऱ्हाडाइतके कुणाला ठाऊक असेल?

ऑक्सिजनचे आधीच सांगितले होते

कोरोनाची पहिली लाट ओसरत असताना, नोव्हेंबर २०२० मध्ये, प्रा. रामगोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला १२३ वा अहवाल दिला. त्यात साफ लिहिले होते की ऑक्सिजनचे उत्पादन पुरेसे ठेवा, म्हणजे दवाखान्यांना मागणीप्रमाणे पुरवठा होईल. आणि सिलिंडरच्या किमतीला लगाम घाला. सरकारी दवाखान्यांत खाटा अपुऱ्या आहेत आणि खासगी रुग्णालयांनी अव्वाच्या सव्वा पैसे घेतले, हेही त्यात होते. उपचारांचे परवडणारे दर आधीच ठरले असते तर अनेक मृत्यू टळले असते, असे समितीचे मत होते.

हा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदेत मांडला गेला. त्याच महिन्यात दुसऱ्या लाटेने डोके वर काढले, आणि तेही आपल्याच भागात. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती शहर आणि अचलपुरात आठवड्याचे लॉकडाऊन लागले. अकोल्यातही कडक निर्बंध आले. देशाचे लक्ष तेव्हा वऱ्हाडाकडे होते. एप्रिलमध्ये ती लाट देशभर पसरली आणि लोक सिलिंडरसाठी शहरभर धावू लागले. सल्ला छापून पाच महिने झाले होते.

पुढे २० जुलै २०२१ ला सरकारने राज्यसभेत सांगितले की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची वेगळी नोंद राज्यांनी कळवलेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये समितीचा १३७ वा अहवाल आला. वेळीच उपाय केले असते तर अनेक जीव वाचले असते, असे त्यात म्हटले होते. ऑक्सिजनबाबत मंत्रालयाने दिलेल्या भरवशावर समितीने नाराजी नोंदवली आणि ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची राज्यांच्या मदतीने तपासणी करा, अशी जोरदार शिफारस केली. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्यासाठी ती नोंद साधी गोष्ट नाही. जी मौत कागदावर नाही, तिचा जबाब कुणाला विचारायचा?

पैसा कुठून जातो?

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये आले. २०२५ पर्यंत सरकारने आरोग्यावर जीडीपीच्या २.५ टक्के खर्च करावा, असे त्यात ठरले. १२३ व्या अहवालात समिती म्हणाली, २०२५ दूर आहे, हे दोन वर्षांतच गाठा. प्रत्यक्षात २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या वर्षातही, केंद्र आणि राज्ये मिळून हा खर्च १.८४ टक्के होता.

याचा घरातला अर्थ असा. त्या वर्षी देशात आरोग्यावर खर्च झालेल्या दर १०० रुपयांतले ३९ रुपयांहून जास्त लोकांनी थेट आपल्या खिशातून दिले. कुणी सोने गहाण ठेवून, कुणी वावर विकून, कुणी उधारी करून. रमजानमध्ये जकात-सदक्याची यादी करायला बसलो की दवाखान्याच्या बिलासाठी मदत मागणारे अर्ज किती असतात, हे प्रत्येक मोहल्ल्याला माहीत आहे. सरकारने जे द्यायला हवे होते, ते आपली जकात भरून काढते आहे.

कोणता दवाखाना कोणाच्या ताब्यात?

राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्याचा विषय आहे. म्हणून दिल्लीची समिती आपला दवाखाना चालवत नाही. तक्रार कुठे करायची हे कळायला मालक कोण, हे आधी कळले पाहिजे.

- उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते; तिथे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला विचारायचे. ठरलेल्या निकषाप्रमाणे सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला आणि आदिवासी भागात २०,००० ला एक प्राथमिक केंद्र हवे.
- ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. जिल्ह्यातला अधिकारी म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, आपल्या बोलीत सिव्हिल सर्जन. अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही स्त्री रुग्णालयेही याच विभागाची. अमरावतीचे सुपर स्पेशालिटी म्हणजे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयही याच रांगेत उभे राहिले.
- अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय २००२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिथे अधिष्ठाता म्हणजे डीन जबाबदार. अमरावती, बुलढाणा आणि वाशिम इथेही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली.
- शहरी आरोग्य केंद्रे महापालिकेकडे.

हा फरक कागदी वाटतो, पण खिशाला लागतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती.

समित्या आल्या, गेल्या. मेळघाट काय सांगतो?

अमरावती जिल्ह्याला समित्यांची सवय आहे. धारणी-चिखलदऱ्यातले कुपोषण आणि बालमृत्यू हा विषय १९९० च्या दशकापासून मुंबई उच्च न्यायालयात येत राहिला. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीने दाखवून दिले की सरकारी नोंदीत बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत पुढे आशा ताईंच्या प्रशिक्षणात आली. म्हणजे अहवाल वाया जातोच असे नाही. ज्यामागे कार्यकर्ते, डॉक्टर आणि याचिका करणारे वर्षानुवर्षे लागून राहिले, त्याचे काही ना काही झाले. बाकीचे कपाटात गेले.

आपण काय करू शकतो?

आपल्या समाजात मदतीचा हात कमी नाही. कोरोनात अकोल्याच्या कच्छी मेमन जमातने धर्म न पाहता मृतांचे अंत्यसंस्कार केले. हिंदू बांधवांचे त्यांच्या रीतीप्रमाणे केले. जमातीची ॲम्ब्युलन्स, रक्तदान शिबिर, औषधांची मदत हे सगळे चालूच राहावे. पण ॲम्ब्युलन्स दारापर्यंतच नेते. आत डॉक्टरची जागा रिकामी असेल तर तो प्रश्न खिदमतीने सुटत नाही, हक्काने विचारावा लागतो. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते की मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या अनेक गावांत दवाखान्याची सोय नाही. विचारण्याचे मार्ग हे:

१. खासदारांना गाठा. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी ‘दिशा’ समिती प्रत्येक जिल्ह्यात असते आणि तिचे अध्यक्ष खासदार असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियान त्यात येते. बैठकीआधी आपल्या भागातल्या रिक्त पदांची यादी लेखी द्या.

२. माहितीचा अधिकार वापरा. मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणते मशीन कधीपासून बंद, हे १० रुपयांच्या अर्जात विचारता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही.

३. दिल्लीच्या समितीला लिहा. एखादे विधेयक किंवा विषय हाती घेतला की समिती अनेकदा जाहिरात देऊन लोकांकडून सूचना मागवते. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत राज्यसभा सचिवालयाकडे पाठवता येते. समितीचे अहवालही संसदेच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात.

४. कागद आजच तपासा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि २०२४ पासून पांढरे रेशन कार्डही चालते. आपल्याकडची अडचण नावाची असते. ‘शेख अमुक शेख तमुक’ हे नाव आधारवर एका क्रमाने आणि रेशन कार्डवर दुसऱ्याच क्रमाने असते. बाईचे नाव कुठे ‘बी’, कुठे ‘बानो’. पेशंट भरती झाल्यावर हे दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. घरातल्या सगळ्यांची कार्डे समोर ठेवून एकदा जुळवून घ्या.

५. खासगीतही हक्क आहेत. राज्याच्या जानेवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि दर लावून ठेवले पाहिजेत. दिसत नसतील तर विचारा.

मशीद कमिटी, बचत गट, मदरशाचे किंवा शाळेचे पालक, कुणीही चार माणसे मिळून यातले एक काम हाती घेऊ शकतात. एका प्राथमिक आरोग्य केंद्राची रिक्त पदे काढून ती ‘दिशा’च्या बैठकीपर्यंत पोहोचवणे, एवढ्यापासून सुरुवात झाली तरी पुष्कळ. ऑक्सिजनचा सल्ला वेळेत लिहिला गेला होता. त्याचे काय केले, हे तेव्हा कुणी वेळेत विचारले नाही.