चिवळ कुणी पेरली? न पेरलेल्या भाजीचा इतिहास



रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की पहिला प्रश्न पडतो, विषय कुठून आणायचा? आज एक विषय थेट बाजारातून उचलू. कळंबच्या. धाराशिवचं नव्हे, आपलं यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणी गणपतीचं कळंब.

उन्हाळ्यात इकडे चिवळ विकायला येते. जमिनीला चिकटून पसरणारी, बारीक, रसाळ पानांची भाजी. बेसन लावून करतात, डाळीतही घालतात. घामोळ्या आल्या तर वाटून अंगाला लावतात. हिची मोठी बहीण म्हणजे घोळ: जाड लालसर देठ, गुळगुळीत पानं. दोघींची प्रजाती एकच, पोर्तुलाका. घोळ म्हणजे पोर्तुलाका ओलेरासिया, चिवळ म्हणजे पोर्तुलाका क्वाड्रिफिडा. फूल बघितलं की फरक कळतो. घोळीला साधारण पाच पाकळ्या, चिवळीला चार. क्वाड्रिफिडा या नावातले 'चार' तेच.

आता प्रश्न असा: जी भाजी बहुतेक वेळा कुणी पेरतच नाही, तिचा इतिहास शोधायचा कुठे? पेरणीची नोंद नाही, सारा नाही, बियाण्याची पावती नाही. मला तीन जागा दिसतात, आणि तिन्ही ठिकाणी एकेक खड्डा आहे.

पहिली जागा, जुने ग्रंथ. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाश'मध्ये पालेभाज्यांच्या वर्गात लोणी येते, आणि तिच्याहून मोठी ती घोटिका. म्हणजे लहान आणि मोठी असा भेद तेव्हाही होता. 'घोटिका'वरून लगेच आपली 'घोळ' आठवते. पण इथेच थांबा! उच्चार जुळला म्हणजे वनस्पती जुळली असं होत नाही. एकच नाव दोन गावांत दोन वेगळ्या झाडांना असतं, हे आपण रोज बघतो. ग्रंथातलं वर्णन आणि हातातलं झाड शेजारी ठेवून ताळा घ्यावा लागतो. नाव हा पुराव्याचा धागा आहे, पुरावा नाही.

दुसरी जागा, इंग्रजी काळातल्या वनस्पतींच्या नोंदी. महाराष्ट्रातली वनस्पती म्हटलं की आपण सगळे थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' उघडतो. तो १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला. पण नावाकडे नीट बघा: बॉम्बे प्रेसिडेन्सी. कळंब तेव्हा वऱ्हाडात होतं. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलं गेलं. बॉम्बे प्रेसिडेन्सीत ते नव्हतंच. म्हणून कुकमध्ये एखाद्या वनस्पतीपुढे वऱ्हाडातलं ठिकाण दिसलं नाही, तर 'ती वऱ्हाडात नव्हती' असं लिहू नका. पुस्तकाची हद्द तिथे संपली होती, एवढंच. आजचा नकाशा डोक्यात ठेवून जुनी साधनं वाचली की हमखास फसायला होतं.

मग जे कागदावर नाही ते मातीत सापडेल का? ही तिसरी जागा. याचं सुंदर उदाहरण मात्र आपल्याकडचं नाही, कॅनडातलं आहे. घोळ अमेरिका खंडात युरोपियन लोकांबरोबर गेली, असं अनेक वर्षं मानलं जायचं. १९७५ मध्ये रॉजर बर्न आणि जे. एच. मॅकअँड्र्यूज यांनी 'नेचर'मध्ये ओंटारिओतल्या क्रॉफर्ड तलावाचा अभ्यास छापला. या तलावाच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एकेक थर बसतो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. थर मोजले की वर्ष कळतं. कोलंबसच्या १४९२ च्या आधीच्या थरांत त्यांना घोळीचे परागकण आणि बिया मिळाल्या. सगळ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट तळ्यातल्या गाळाने खोटी ठरवली.

पण खड्डा इथेही आहे. असा शांत, न ढवळलेला गाळ प्रत्येक तालुक्यात मिळत नाही. दरवर्षी वखरलेल्या काळ्या मातीत थर टिकतील कसे?

म्हणून मला चौथी जागा महत्त्वाची वाटते: निंदण करणाऱ्या बायका. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. कापूस हेच मुख्य पीक झालं की तासातलं बाकी सगळं तण ठरतं. सरकारी कागद कापसाच्या गाठी मोजतात. उपटलेल्या तणातून भाजी वेगळी काढून ओट्यात बांधणारी बाई त्यात येत नाही. तण कोणतं आणि भाजी कोणती, कोणत्या शेतातली खायची, कधी खुडायची, हे ज्ञान तिच्याकडे आहे.

आता निंदणाच्या जागी तणनाशक येतंय. फवारलेल्या शेतातली भाजी खाता येत नाही, खाऊही नये. चिवळ चिवट आहे, कुठल्यातरी धुऱ्यावर ती टिकेल. पण तिला ओळखणारे डोळे टिकतील याची खात्री नाही. तलावाच्या गाळाला घाई नसते, तो पाचशे वर्षं थांबतो. माणसाची आठवण तेवढी थांबत नाही.

तेव्हा या उन्हाळ्यात एक करा. फुलासकट एक फांदी कागदात दाबून वाळवा. गाव, शेताचा प्रकार, तारीख आणि तिथलं नाव लिहा. ज्यांनी नाव सांगितलं त्यांना विचारा, ही कशी ओळखायची, पूर्वी कुठे मिळायची, आता कुठे मिळते. त्यांची परवानगी घेऊन उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा. 'सुधारून' प्रमाण मराठीत आणू नका. पुढच्या अभ्यासकासाठी तोच तुमच्या काळाचा थर असेल.