पिंपरीचे औषध आणि आपला खोकला



संप हे कामगाराचे शेवटचे हत्यार. ते ऊठसूट उपसले, किंवा उपसून अर्ध्यावर म्यान केले, तर मालक निर्ढावतो आणि खऱ्या लढ्याच्या वेळी हत्यार बोथट ठरते. प्रतिजैविक औषधांचा इतिहासही हेच सांगतो. मी डॉक्टर नाही. जे वाचून समजले ते आपणांपुढे ठेवतो.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे जंतू मेलेले आढळले. त्या बुरशीतून पेनिसिलीन मिळाले. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ आपल्याच मनाने थोडेसे पेनिसिलीन घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला दाद न देणारे होतात. त्यांच्यामुळे पत्नीला न्यूमोनिया होतो आणि ती दगावते.

आपल्याकडे १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य होते. १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीनही. म्हणजे फ्लेमिंगची ताकीद पिंपरीच्या पहिल्या कुपीहून दहा वर्षांनी जुनी!

स्ट्रेप्टोमायसीनची कथा तर अधिक बोलकी आहे. १९४८ साली ब्रिटनमधील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आरंभी रोग्यांना गुण आला, पण काही महिन्यांत अनेकांच्या थुंकीतील जंतू औषधाला जुमानेनासे झाले. एका औषधाने मरत नाहीत असे थोडे जंतू आधीपासूनच असतात. बाकीचे मेले की त्यांचीच प्रजा वाढते. म्हणून दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत पडली.

एवढे कळूनही काय झाले? २०११ च्या अखेरीस मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी चार क्षयरोगी जाहीर केले. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हते. तिघांवर अनेक खाजगी डॉक्टरांकडून विस्कळित, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत उपचार झाले होते. सरकारने रोगाला दिलेल्या नावास हरकत घेतली. दुखणे मात्र खरे होते. २०१४ पासून क्षयाची व काही जालीम प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा कडक नियम लागू झाला.

आता आसनगावकडे या. वीटभट्टीवरचा मजूर खोकतो. खाडा झाला की रोज बुडतो, म्हणून तो दुकानातून चार गोळ्या घेतो. बरे वाटले की उरलेल्या पोराला देतो. बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंचा असतो. त्यावर ही औषधे चालत नाहीत, विश्रांती हवी. दम लागला, ताप हटेना, किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर डॉक्टर गाठावा. थुंकी सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. औषध दिलेच, तर सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे.

पण दोष एकट्या मजुराच्या पदरी बांधू नका. १९४८ च्या विमा कायद्याने कारखान्यातील कामगाराला आजारपणाचा भत्ता मिळाला; हंगामी मजूर बहुधा त्याबाहेरच राहिला. त्याला चार दिवस पगारी विश्रांती मिळवून देणे, हेही औषध वाचवणेच आहे. कारण हे औषध एकट्याचे नाही. आसनगावात त्याची धार गेली, तर उद्या कुणाच्याही घरच्या न्यूमोनियापुढे डॉक्टर रिकाम्या हाताने उभा राहील.