गिटारच्या खुंटीची कुळकथा

वाजवून झालेले तंतुवाद्य कोठे ठेवावे, या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा ज्याने अत्यंत गांभीर्याने ऊहापोह केला, असा ग्रंथकार म्हणून टॉमस मेस याचे नाव प्रथम घेतले पाहिजे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात गायकाची चाकरी करणारा, उत्तरायुष्यात बहिरेपणाने ग्रासलेला आणि तरीही ल्यूट या वाद्यावरील आपली निष्ठा तिळमात्र ढळू न देणारा हा गृहस्थ १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'म्यूझिक्स मॉन्युमेंट' या आपल्या ग्रंथात वाचकाला सांगतो की, दिवसा वाद्य हातावेगळे करावयाचे झाल्यास ते नित्य वापरातल्या बिछान्यात, वरचे जाड पांघरूण आणि त्याखालची घोंगडी यांच्या दरम्यान ठेवावे. चादरींच्या आत मात्र कदापि ठेवू नये, कारण तेथे घामाचा ओलावा असण्याचा संभव असतो. असे केल्याने तारा अवेळी तुटत नाहीत, वाद्य सुरात राहते, आतल्या आडव्या पट्ट्या सुटून येत नाहीत आणि तबली खाली बसत नाही, असे फायदे तो एकामागून एक मांडतो. शेवटी तो बजावतो की, वाद्य आत असताना त्या बिछान्यावर कोणी अविचाराने अंग टाकू नये. अशा रीतीने नासलेली चांगली चांगली ल्यूट त्याने स्वतः पाहिली होती.

या सल्ल्याचे आज हसू येईल; परंतु मेसचे निदान अचूक होते. त्या काळी ल्यूटला काय आणि गिटारला काय, तारा म्हणून आतड्याची तात लावीत. आणि तात ही हवेतील दमटपणाने फुगते, कोरडेपणाने आक्रसते. तबलीचे देवदारी लाकूडही तोच धर्म पाळते. माणसाच्या अंगाची ऊब साठवणारा बिछाना हा दमट इंग्लंडातील, शेगडीवाचूनच्या खोलीतला सर्वांत कोरडा आणि सर्वांत स्थिर कोपरा होता. म्हणजे वाद्य पांघरुणात घालून हवेपासून तोडण्याची जी वहिवाट, तिचा हा मूळपुरुष म्हटला तरी चालेल. पुढच्या सर्व पेट्या, पिशव्या आणि मखमली अस्तरे त्याच्याच वंशातली.

मात्र गिटारच्या खुंटीचे दुसरेही एक कूळ आहे, आणि ते माझ्या मते अधिक थोर आहे. ते न्हाव्याच्या दुकानात जन्मले. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्लंडात केशकर्तनाच्या दुकानी भिंतीला सिटर्न नावाचे वाद्य लटकलेले असे, आणि आपली पाळी येईपर्यंत गिऱ्हाइकाने ते खाली काढून छेडीत बसावे, असा सर्रास रिवाज होता. बेन जॉन्सनच्या १६०९ च्या 'एपिसीन' या नाटकात न्हाव्याचे सिटर्न म्हणजे कोणीही हात लावावा अशी वस्तू, असा उल्लेख येतो तो प्रेक्षकांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती म्हणूनच. सॅम्युएल पेपिसनेही १६६० च्या जून महिन्यातील आपल्या रोजनिशीत, एक मागून आणलेले सिटर्न आणि झांजांऐवजी आत नाणी टाकलेली दोन दीपदाने एवढ्या सामग्रीवर जहाजावर जी मैफल जमली, तिला न्हाव्याचे संगीत असेच नाव दिले आहे.

या कामी सिटर्नच का, याचा विचार केला तर त्या दुकानदारांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटते. सिटर्नला तातीऐवजी पितळेच्या आणि लोखंडाच्या तारा असत. त्या हवेच्या लहरीला तातीइतक्या बळी पडत नाहीत. शिवाय ल्यूटची पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी फुगीर, तर सिटर्नची पाठ जवळजवळ सपाट, त्यामुळे ते भिंतीला बेताने टेकून राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याला लागत नाही. उघड्यावर राहील, अनोळखी हात सोशील आणि तरी सुरात सापडेल, असे वाद्य हुडकून त्यांनी खिळ्याला अडकवले. मेसला वाद्याची काळजी होती, न्हाव्याला वाजवणाऱ्याची. आणि वाद्य घडवणाऱ्याने ते अखेर कोणासाठी घडवले, हे विचारात घेतले म्हणजे न्हाव्याचा पक्ष मला अधिक सबळ वाटतो.

पुढे १७७५ साली पॅरिसच्या रंगभूमीवर बोमार्शेच्या 'सेव्हिलचा न्हावी' या नाटकातील फिगारो पाठीवर रुंद फितीने बांधलेली गिटार घेऊन प्रवेश करतो, तेव्हा सिटर्नची जागा गिटारने घेतली असली तरी न्हावी आणि तंतुवाद्य यांचे नाते अबाधितच राहिलेले दिसते. तीच फीत खुंटीवर टाकली की गिटारही लटकत असे. तातीच्या तारांची, पातळ लाकडाची ती गिटार इतकी हलकी होती की तिच्या भाराची चिंता कोणालाच करावी लागत नसे.

ती चिंता उत्पन्न झाली अमेरिकेत. जर्मन कारागीर ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली न्यूयॉर्कला आला व काही वर्षांतच पेन्सिल्व्हानियातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. एकोणिसाव्या शतकात त्याच्या कारखान्यातील गिटारी ज्या लाकडी पेटीतून रवाना होत, तिला आकारावरून लोक शवपेटीच म्हणत. मेसच्या पांघरुणाचे ते कठीण कवचाचे रूप. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी तातीऐवजी पोलादी तारांची मागणी वाढू लागली आणि वाद्याचा सारा हिशेबच बदलला. तातीच्या किंवा आजच्या नायलॉनच्या सहा तारा मिळून सुमारे ४० किलो ओढ देतात. पोलादी तारांची ओढ ७० किलोंच्या पुढे जाते. ती सोसावी म्हणून गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू याने मानेच्या पोटातून जाणाऱ्या, कमी-अधिक आवळता येणाऱ्या पोलादी सळईची तजवीज केली आणि १९२३ साली तिचे पेटंट त्याला मिळाले.

या सळईचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. गिटार शिरापाशी टांगली असता मान वाकते, अशी भीती अनेक घरांत आजही घातली जाते. वस्तुतः पोलादी तारांची ओढ मानेला अहोरात्र पुढे वाकवू पाहत असते. टांगलेल्या गिटारचे स्वतःचे दोन-अडीच किलो वजन, भरीव अंगाच्या विजेच्या गिटारचे झाले तरी चारेक किलो, मानेच्या लांबीच्याच दिशेने सरळ खाली ओढते. ७० किलोंचा ताण जी मान वर्षानुवर्षे सोसते, ती या उभ्या भाराने वाकणार नाही. मान मोडते ती पडण्याने. आणि त्याबाबत स्टँडपेक्षा भिंत अधिक भरवशाची. स्टँडवरची गिटार जाणाऱ्याच्या पायाने, कुत्र्याच्या शेपटीने, वायरीत अडकलेल्या केरसुणीने तोंडावर आपटते. मागे तिरपे झुकलेले शिर आणि सळईचा पेच फिरवण्यासाठी ऐन नाजूक जागी कोरलेला खळगा, अशा घडणीच्या गिटारचा कंठ तेथेच चिरतो. स्टँड घ्यायचाच तर रुंद बैठकीचा, मान धरून ठेवणारा घ्यावा. आणि घरात लहान मूल असल्यास घेऊच नये.

आता भिंतीचे पाहू. आपल्या जुन्या वाड्यांतून जाड भिंत बांधतानाच निमुळती लाकडी खुंटी आत बसवीत, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या हलत नसे. तयार भिंतीत स्क्रू पक्का बसवण्याची युक्ती बरीच अलीकडची. १९१० च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेचे सामान बसवण्याचे काम जॉन रॉलिंग्ज या ठेकेदाराकडे आले, आणि त्याने तागाच्या धाग्याची, प्राण्यांच्या रक्ताने चिकटवलेली एक बारीक नळी तयार केली; ती भोकात घालून आत स्क्रू पिळला की ती फुगून भिंत धरते. आपले सुतार जिला गिट्टी म्हणतात ती प्लास्टिकची पुंगळी तिचीच वंशज. गिटारचा हँगर या गिट्टीवरच जगतो. सबब भोक केवळ गिलाव्यात न राहता विटेत खोल गेले आहे ना, याची खात्री सुताराकडून समोर उभे राहून करून घ्यावी.

अलीकडच्या हँगरपैकी काहींची घडण खरोखर प्रशंसनीय आहे. गिटारचे शिर दोन बोटांच्या बेळक्यात ठेवले की तिच्याच वजनाने बेळके किंचित खाली सरकते आणि पुढून दोन आडणे मिटतात. गिटार वर उचलली की ती आपोआप उघडतात. गिऱ्हाइकाने एका हाताने काढावे आणि एका हाताने लावावे, ही न्हाव्याच्या खिळ्याची सोय त्यात राखलेली असून पडण्याचे भय मात्र काढून टाकलेले आहे.

एक शत्रू मात्र मऊपणाचे सोंग घेऊन येतो. मोटारींसाठी १९२० च्या दशकात निघालेले नायट्रोसेल्युलोज लॅकर गिटारच्या कारखानदारांनीही लवकरच उचलले, आणि मोलाच्या पुष्कळ गिटारींवर ते आजही असते. हँगरच्या वा स्टँडच्या रबरी गादीतून झिरपणारी द्रव्ये या लॅकरमध्ये शिरतात व त्याला चिकट करतात. काही महिन्यांनी गिटार उचलावी तो जेथे गादी टेकली होती तेथे काळपट, बोटाला चिकटणारा वण उमटलेला दिसतो. तो पुसून जात नाही. जुन्या धोतराची सुती पट्टी गादीवर गुंडाळली तर हे अरिष्ट टळते.

आणि अखेरीस मेसकडे परतावेच लागते, कारण हवा कोणाचे ऐकत नाही. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण आणि गोव्यात आषाढ-श्रावणात ती ८० च्या वर राहते. तबली फुगते, घोडी वर चढते, तारा पडद्यांपासून दूर जातात. उलट विदर्भात वैशाखातल्या दुपारी ती २० च्याही खाली येते, आणि तबली शिरेने उभी तडकण्याचा धोका तेव्हा असतो. मिरजेच्या तंबोऱ्याला गवसणी घालून ठेवणारे आपले गवई मेसचेच शास्त्र न वाचता पाळत आले आहेत. म्हणून गिटार आतल्या, कोरड्या भिंतीवर टांगावी. पावसाने भिजणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, एअर कंडिशनरच्या झोतासमोर किंवा उन्हाच्या कवडशात टांगू नये. शेजारी एक लहानसा आर्द्रतामापक ठेवावा, आणि त्याचा काटा ६५ च्या वर स्थिरावला की तेवढे महिने ती आर्द्रता शोषणाऱ्या पुड्यांसह पेटीत घालून, अधूनमधून बाहेर काढून वाजवावी व दसऱ्याच्या सुमारास पुन्हा खुंटीला लावावी.