मिश्र रक्तद्रव आणि कावीळ : एका ज्ञात धोक्याचा इतिहास

दात्याच्या रक्ताबरोबर त्याच्या शरीरातील रोगबीजही रुग्णाच्या शरीरात जाऊ शकते, ही गोष्ट वैद्यकाला आज नव्याने कळलेली नाही. रक्ताधानाच्या व रक्तजन्य औषधांच्या इतिहासात खरा विचारणीय प्रश्न निराळाच आहे. धोका कळल्यानंतरही तो टळला का नाही, हा तो प्रश्न होय. या दृष्टीने अनेक दात्यांचे रक्तद्रव एकत्र मिसळण्याच्या पद्धतीचा इतिहास विशेष उद्बोधक आहे.

या इतिहासाचा पहिला स्पष्ट पुरावा जर्मनीतील ब्रेमेन शहरी सापडतो. १८८३ साली तेथील जहाजबांधणीच्या कारखान्यातील कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. ही लस मानवी लसिकेपासून तयार केलेली होती. लस घेतलेल्या १,२८९ कामगारांपैकी १९१ जणांना पुढील काही महिन्यांत कावीळ झाली. त्याच कारखान्यातील सुमारे ५०० कामगारांना ती लस दिलेली नव्हती; ते निरोगी राहिले. ल्यूरमान याने १८८५ साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला. विषाणूची कल्पनाही रूढ झाली नव्हती अशा काळात केवळ दोन गटांच्या तुलनेतून कारण लसीतच असल्याचे त्याने ताडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे १९३७ साली फिंडले व मॅकॅलम यांनी पीतज्वराच्या लसीनंतर उद्भवणाऱ्या काविळीची नोंद केली. पीतज्वराचा विषाणू टिकून राहावा म्हणून त्या लसीत मानवी रक्तरस मिसळीत असत. ब्राझीलमध्येही असाच अनुभव आल्यावर तेथे रक्तरसविरहित लस वापरण्यास आरंभ झाला. परंतु अमेरिकेत रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या प्रयोगशाळेने जुनीच पद्धत चालू ठेवली. रक्तरस ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापविला असता तो निर्धोक होतो, अशी समजूत होती. दुसऱ्या महायुद्धात ही लस अमेरिकन सैनिकांना सरसकट टोचण्यात आली. परिणामी १९४२ साली काविळीचे २८,५८५ रुग्ण नोंदले गेले व त्यांपैकी ६२ दगावले. एप्रिल १९४२ मध्ये रक्तरसयुक्त लसीचा वापर थांबविण्यात आला. हा रोग ब प्रकारचा यकृतशोथ होता, हे पुढे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. प्रत्यक्षात संसर्ग झालेल्यांची संख्या सुमारे ३,३०,००० असावी, असा अंदाजही त्यात वर्तविला होता. येथे रोग पसरविणारा घटक लसीचे मुख्य द्रव्य नव्हता. निरुपद्रवी म्हणून मिसळलेला रक्तरस हाच रोगाचा वाहक ठरला.

याच सुमारास प्रत्यक्ष रक्ताधानाविषयीही शंका बळावू लागली. १९४३ साली बीसन याने रक्त किंवा रक्तद्रव दिल्यानंतर कावीळ झालेल्या सात रुग्णांचे वर्णन केले. युद्धभूमीवर वाळविलेल्या रक्तद्रवाचा मोठा उपयोग होत असे व त्यासाठी शेकडो दात्यांचे रक्तद्रव एकत्र करीत. या मिश्रणातील धोका साध्या गणिताने समजतो. समजा, २०० दात्यांपैकी एकाच्या रक्तात विषाणू आहे. एका दात्याचे रक्त घेणाऱ्यास २०० मध्ये एक इतकाच धोका संभवतो. दहा दात्यांच्या मिश्रणात विषाणू असण्याची शक्यता सुमारे ५ टक्के होते. ३०० दात्यांच्या मिश्रणात ती ७५ टक्क्यांहून अधिक होते. आणि ५,००० दात्यांचे मिश्रण तर जवळजवळ निश्चितपणे दूषित असते. ब्रिटनमध्ये युद्धोत्तर काळात रक्तद्रवाचे मिश्रण सुमारे दहा दात्यांपुरते मर्यादित करण्यात आले, ते याच कारणाने. दुसरीकडे, रक्तद्रवापासून वेगळे काढलेले अल्ब्युमिन ६० अंश उष्णतेत दहा तास ठेवल्यास काविळीचा धोका राहत नाही, हेही १९४० च्या दशकातच दिसून आले होते.

असे असूनही पुढील काही दशकांत हीच पद्धत अधिक मोठ्या प्रमाणावर परत आली. हीमोफिलिया या आनुवंशिक विकारात रक्त साकळविणाऱ्या आठव्या घटकाची उणीव असते. १९६४ साली ज्युडिथ पूल या संशोधिकेने गोठविलेल्या रक्तद्रवापासून हा घटक मिळविण्याची सोपी रीत शोधून काढली. तीत एकेका दात्याचे रक्तद्रव पुरे होई. त्यानंतर औषधी कारखान्यांनी याच घटकाची सांद्रित भुकटी बाजारात आणली. ती शीतकपाटात ठेवून रुग्णाला घरच्या घरी टोचून घेता येत असे. रक्तस्रावाने पंगू होणाऱ्या मुलांना शाळेत जाता येऊ लागले, हा तिचा लाभ खोटा नव्हता. परंतु ती हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून बनत असे. त्यांत पैशासाठी रक्तद्रव विकणारे लोक व अमेरिकन तुरुंगांतील कैदीही असत. आठवा घटक उष्णतेने सहज नष्ट होतो, म्हणून अल्ब्युमिनचा उपाय येथे लागू पडणार नाही असे मानले गेले. यकृतशोथ ही उपचाराची अपरिहार्य किंमत समजली गेली.

जुलै १९८२ मध्ये अमेरिकेतील तीन हीमोफिलियाग्रस्तांच्या फुप्फुसांत एड्सशी निगडित असा दुर्मीळ संसर्ग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. एचआयव्हीची रक्तचाचणी १९८५ साली उपलब्ध झाली. पण तोवर फार उशीर झाला होता. एकट्या ब्रिटनमध्ये रक्तस्रावी विकार असलेल्या सुमारे १,२५० जणांना हा संसर्ग झाला व त्यांत सुमारे ३८० मुले होती. मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील चौकशी अहवालानुसार, रक्त व रक्तजन्य औषधांमुळे सर्व मिळून ३०,००० हून अधिक लोक बाधित झाले व सुमारे ३,००० मृत्युमुखी पडले. हा अनर्थ केवळ अपघात नसून बव्हंशी टाळता येण्याजोगा होता, असा निष्कर्ष त्या अहवालाने काढला.

एचआयव्ही हा विषाणू नवा होता, ही सबब अंशतःच ग्राह्य ठरते. विषाणू नवा असला तरी त्याचा मार्ग जुना होता. तो ब्रेमेनच्या कामगारांनी आणि १९४२ च्या सैनिकांनी दाखवून दिला होता. १९४५ च्या सुमारास लहान मिश्रणाचा नियम करणाऱ्यांना काविळीचा विषाणू दिसलेला नव्हता; त्याच्या शोधाचा मार्ग ब्लमबर्ग यांच्या १९६५ च्या संशोधनाने खुला झाला. तरीही रोगबीज अज्ञात असताना त्यांनी खबरदारी घेतली. पुढील पिढीजवळ विषाणूचे ज्ञान अधिक होते, पण खबरदारी मात्र कमी होती. रक्तजन्य औषधांच्या इतिहासात ज्ञानाची वाढ व सुरक्षिततेची वाढ या दोन गोष्टी वेगळ्या मानून तपासणे का आवश्यक आहे, ते यावरून स्पष्ट होते.