यरीहोच्या नाक्यावर एक दिनार

वहाणांचे पट्टे घट्ट बांधा. खांद्याला चामड्याची पखाल आहे. पाणी कोमट, त्याला बकरीचा वास. घोटभर प्या आणि तोंड वाकडं करू नका, संध्याकाळपर्यंत एवढंच आहे. हातात गाढवाचा दोर, गाढवावर खजुराच्या दोन टोपल्या. साल विचारू नका, इथे ते कोणी विचारत नाही. यहुद्यांचा वल्हांडण सण तोंडावर आलाय, एवढं पुरे.

हे यरीहो. समुद्रसपाटीच्या खाली सुमारे 250 मीटर, त्यामुळे वर यरुशलेमात रात्री शेकोटी लागत असली तरी इथे अंगाची काहिली होते. वाऱ्यावर बाल्समच्या झुडपांचा गोडसर, औषधी वास येतो, पण त्यात लेंड्या, घाम आणि गालीलहून आलेल्या खारवलेल्या मासळीचा वास असा मिसळलाय की नाक कुठला वास वेगळा काढणार! गालीलचे यात्रेकरू सणासाठी इथूनच वर चढतात. सुमारे 25 किलोमीटर, चढण हजारभर मीटरची. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, कोकरं, सगळा लोंढा एकाच रस्त्यावर, आणि कोणीतरी स्तोत्र उचललं की मागचे सूर धरतात.

तुम्ही मात्र गात नाही. सकाळीच नाक्यावर तुम्हाला लुटलंय. जकातीच्या माणसानं टोपलीत काठी खुपसली, वरचे चार खजूर तोंडात टाकले आणि एक दिनार मागितला. दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची कमाई. दर कुठला, विचारायची सोय नाही. या सगळ्या जकातवाल्यांचा मुख्य जक्कय. माणूस आपल्यातलाच, पण पैसा रोमचा आणि उरलेला स्वतःचा. त्याचं नाव घेतलं की इथे लोक थुंकतात. तुम्हीही थुंका, लक्षात यायला नको.

एवढ्यात गलका उठतो. नासरेथचा येशू येतोय! वेशीबाहेरच्या आंधळ्या भिकाऱ्यानं त्याला दाविदाचा पुत्र म्हणून हाका मारल्या आणि भिकाऱ्याला दिसू लागलं, असं तुमच्या कानाशी एक जण ओरडून सांगतो. त्याच्या तोंडाला कांद्याचा वास. दाविदाचा पुत्र म्हणजे राजा, मशीहा! तो यरुशलेमात शिरला की रोमच्या शिपायांची पळता भुई थोडी होणार, असा हिशेब सगळ्यांनी करून टाकलाय. त्याच्या बरोबरच्या दोघा भावांनी, याकोब आणि योहान यांनी, राजाच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागाही मागून ठेवल्यात म्हणे. येशूचं उत्तर गर्दीत कोणी नीट ऐकलेलं दिसत नाही. आपण सेवा करून घ्यायला नव्हे, करायला आलो. पुष्कळांच्या सुटकेसाठी स्वतःचा जीव मोजायला आलो, असं काहीतरी. असल्या बोलण्याला गर्दी टाळ्या वाजवत नाही.

कोपर बरगडीत बसतं, गाढव तुमच्या पायावर पाय देतं, आणि कोणीतरी बुटका माणूस तुम्हाला ढकलून पुढे पळतो. झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, बोटांत अंगठ्या. जक्कय! एवढा श्रीमंत माणूस भररस्त्यात पळतोय, आणि आता चक्क झाडावर चढतोय. आपल्या उंबरासारखंच झाड: फांद्या खालपर्यंत, फळं थेट खोडाला लगडलेली. पिकायला त्यांना सुरीनं चीर द्यावी लागते, गरिबाचं खाणं. झग्याला चीक लागतो, पोरं खिदळतात. तुम्हीही हसा, दिनार थोडा वसूल होईल.

येशू झाडाखाली थांबतो. वर बघतो. आता हा चोराची खरडपट्टी काढणार म्हणून तुम्ही टाचा उंचावता. तो त्याला नावानं हाक मारतो, लवकर उतर म्हणतो आणि आज मुक्काम तुझ्याकडेच, असं सांगून टाकतो.

गर्दीत कुरकुर सुरू होते. तुमच्या पोटातही कळ येते, आणि ती खोटी नाही. यरीहोत सज्जनांची घरं काय कमी आहेत?

जक्कयच्या अंगणाचं दार उघडंच आहे. आत पाय धुतले जातात, भाजलेल्या कोकराचा धूर दारापर्यंत येतो, आणि तुम्ही दोर धरून उंबऱ्याशी उभे. एक गोष्ट लक्षात आली का? अजून जक्कयनं कसलीच माफी मागितलेली नाही. पाहुणा आधी आला. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मला इथे दिसतो: माणूस सुधारला म्हणून मशीहा आला नाही, तो आला म्हणून माणसाला सुधारावंसं वाटलं.

कारण आता जक्कय उठून उभा राहतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. आपणहून कबूल करणाऱ्याला शास्त्राप्रमाणे मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा भरला की झालं असतं. येशू म्हणतो, आज या घराचं तारण झालं, हाही अब्राहामाचाच वंशज. जे हरवलं ते शोधायला आणि वाचवायलाच आपण आलो. तुम्ही पुढच्या काळातून आलात म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की या रस्त्याच्या वरच्या टोकाला सिंहासन नाही, क्रूस आहे; जीव मोजण्याचं ते बोलणं तिथे खरं होणार. अंगणातल्या कोणाला त्याचा पत्ता नाही. तिथे चौपटीचाच विषय चाललाय.

तुमचे चार दिनार. दाराशी एव्हाना रांग लागली, मघाशी कुरकुरणारे सगळे तिच्यात आहेत. पुढचा तेलवाला छातीवर हात ठेवून सांगतोय, माझे पाच गेले. सकाळी नाक्यावर तो तुमच्याच पुढे उभा होता आणि त्याचे दोन गेलेले तुम्ही पाहिलेत. तो मागे वळून तुम्हाला डोळा मारतो आणि विचारतो, ‘तुमचे किती सांगणार?’